ठावावरचं लेकरू

माझी मुलगी रांगायला लागली तरी तिला माझं तोंड माहीत नव्हतं. मीही तिला एकदासुद्धा 'अगं' म्हणून हाक मारली नव्हती. मी तिला मामाजी म्हणायची आणि अहो-जाहो करायची, माझ्या सासऱ्यांना करायची तसंच.

आम्ही ठावरे. धाम नदी पवनारला पोचते त्याच्या पुष्कळ वर, डोंगरांच्या बाजूला आमची निंबझरी आहे. एका हाकेत मावेल एवढं गाव, आणि गावामागच्या टेकडीवर ठावमाळ. तिथे मोहाच्या झाडाभोवती काळे गोटे मांडलेले आहेत, नदीच्या पात्रातून आणलेले, बसायच्या पाटाएवढे. जित्या माणसामागे एक गोटा. त्याला आम्ही ठाव म्हणतो. माणूस आहे तोवर त्याचा ठाव गरम राहतो, पुसाच्या थंडीतसुद्धा. फार नाही. लेकरू कडेवरून उतरवल्यावर आपली कंबर जेवढी गरम राहते, तेवढाच. पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराचा फोन लागला नाही, की त्याची माय माळावर जाऊन गोट्याला हात लावून येते आणि मग निवांत भाकरी टाकते.

माणूस गेला की गोटा गार पडतो. मग गावात लेकरू जन्मलं की सव्वा महिन्यानं त्याला गार गोट्यावर निजवून पाहतात. त्याच्या अंगाखाली गोटा गरम झाला, तर तो ठाव त्याचा. आणि ठाव ज्याचा, नातंही त्याचंच. गेलेला माणूस गावात ज्याचा काका होता त्याचा ते तान्हं काका होतं, ज्याची आत्या होती त्याची आत्या. कामही मागोमाग येतं. पाणी वाटून देणारा पाणक्या, माळावरचा जाळ राखणारा आगवाला, भांडणं मिटवणारा निवाड्या. लेकरू मोठं होत जातं तसं ते काम त्याच्या हाती सोपवतात. कोणताच गोटा गरम झाला नाही, तर नदीतून नवा आणतात. त्या लेकराला कोरं लेकरू म्हणतात. त्याला गावात कोणाचं जुनं नातं नसतं. ते नुसतं आपल्या आईबापाचं असतं.

मी स्वतः कोरी नव्हते. मी माझ्या आईच्या मोठ्या नणंदेच्या ठावावर निजले होते, आणि आईनं जन्मभर मला ताई म्हटलं. 'ताई, जेवून घ्या.' 'ताई, शाळेची वेळ झाली जी.' शेजारच्या पोरींना त्यांच्या आया धपाटे घालत, केस ओढून वेणी घालत, आणि मी दारात उभी राहून पाहत असे. एकदा मी पाण्यानं भरलेला माठ मुद्दाम लोटून दिला. आई धावत आली, खाली मान घालून खापऱ्या वेचल्या आणि म्हणाली, "ताई, पायाले तर नाई ना लागलं?" त्या दिवशी मला एक चापट हवी होती.

म्हणून माझ्या पोटात लेकरू होतं तेव्हा मी मोहाखाली जाऊन एकच मागत होते, लेकरू कोरं होऊ दे. माळावर तेव्हा एकही गोटा गार नव्हता. मी रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जायची आणि हळूच सगळ्यांना हात लावून यायची. सगळे गरम. माझ्या सासूबाई, तानाबाई, मला हसायच्या. "काऊन व, गावाची हजेरी घेऊन राह्यली का?"

मग कापूस वेचणीच्या दिवसांत माझे सासरे, नत्थूजी, गेले. दुपारी जेवून निंबाखाली आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुकेश, माझा नवरा, हिंगणघाटला जिनिंग कारखान्यात होता. तो मिळेल त्या गाडीनं निघाला. घरी पोचला तेव्हा गोट्याला हात लावून लोक माळावरून खाली उतरत होते, आणि कोणाला काही विचारायचं राहिलं नव्हतं.

नत्थूजी गावाचे निवाड्या होते. दोन्ही बाजूंचं सगळं ऐकून घ्यायचे, स्वतः एक अक्षर बोलायचे नाहीत. शेवटी खांद्यावरचा दुपट्टा काढून ज्याचं खरं त्याच्यासमोर खाली ठेवायचे. दुपट्टा खाली ठेवला की मामला संपला. घरातही तसेच. आमच्यात सुनेनं सासऱ्यापुढे तोंड झाकायचं असतं आणि सासऱ्यानं एकदा पदर उतरवायला सांगायचं असतं. एकदा सांगितलं की ते कायमचं. बहुतेक सासरे पहिल्या पोळ्याच्या आत सांगून मोकळे होतात. नत्थूजींचं सगळंच सावकाश. पण ते फाटकातून आत येण्याआधी काठी वाजवायचे, मला पदर ओढायला वेळ मिळावा म्हणून. मला दिवस गेले तेव्हा डोंगरातून सीताफळं आणून ओट्यावर ठेवायचे, काठी वाजवायचे आणि मी बाहेर येण्याआधी निघून जायचे. तानाबाईंना त्यांनी सांगितलं होतं, लेकरू आलं का नलूचा पदर उतरवतो. लेकरू आलं, पण त्याआधी ते गेले.

बाळंतपण सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात झालं. मुलगी. सव्वा महिन्यानं आम्ही तिला माळावर नेलं. गार गोटा एकच होता.

प्रेमदास आमचे आगवाला. म्हातारा माणूस, जाळाजवळ बसून बसून भुवया पिवळ्या पडलेल्या. त्यांनी माझ्या हातून मुलीला घेतलं आणि नत्थूजींच्या ठावावर निजवलं. गोट्याच्या कडेला तळहात लावून बसले. मुलगी झोपेत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. वारा होता, मोहाची पानं तिच्या अंगावर पडत होती. मला वाटलं, नाही होत आता. नदीतून नवा गोटा आणतील. मी मनातल्या मनात तिला पहिल्यांदा 'अगं' म्हणून घेतलं.

प्रेमदासनं तळहात उचलला आणि डोक्यावरची टोपी काढली. तान्ह्या लेकरापुढे वाकून म्हणाले, "जोहार, निवाड्या. लय दिवस लावले जी."

माझ्यामागून तानाबाईंचा हात आला आणि त्यांनी माझा पदर माझ्या तोंडावर ओढला.

आमच्यात गेलेल्या माणसाचा काही शब्द बाकी राहिला नसेल, तर त्याच दिवशी लेकराला स्वतःचं नाव ठेवतात. आई कानात सांगते, मग मोठ्यानं. त्यानंतर ठाव त्या लेकराचा एकट्याचा होतो. नातं तेवढं राहतं. शब्द बाकी असेल, तर ठाव दोघांचा. तोवर लेकराला नाव नाही, आणि गेलेला माणूस पुरता गेलेला नाही. नत्थूजींचा एक शब्द बाकी होता, माझ्या पदराचा. तो आता त्यांच्या ठावावर बसलेल्यानं द्यायचा होता, आणि तिला अजून मान धरता येत नव्हती.

तानाबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याचा दुपट्टा खांद्यावर घेतला. शब्द बाकी असेपर्यंत बायकोनं तो घ्यायचा असतो. पुरती विधवा नाही, पुरती सवाष्ण नाही. त्या दुपट्ट्याला तंबाखूचा वास होता आणि त्या तो धूत नव्हत्या.

सुरुवातीचे महिने घरात हसूही होतं. मुकेश सुट्टीवर आला की पाय धुऊन मुलीच्या पाया पडायचा, मग तिला पोटावर घेऊन झोपायचा. एकदा तिनं त्याचा शर्ट ओला केला. तो तसाच पडून राहिला. म्हणाला, "बाबा, जित्तेपनी कधी जवळ नाई घेतलं मले. आता घ्या हिसाब बरोबर करून." मी पदराआड हसले. तो मात्र बोलून गेल्यावर कितीतरी वेळ छताकडे पाहत होता.

गावात लोक भांडणं घेऊन येईनात. निवाड्या तान्हा असला की भांडणं आपसांत मिटवायची, अशी रीत आहे. दोन भाऊ मात्र आलेच, बोअरच्या पाण्यावरून. पाळण्यापाशी बसून दोघांनी आपापली बाजू सांगितली, अगदी 'मामा, तुमीच सांगा' करत. मुलीनं जांभई दिली. धाकटा म्हणाला, "पाय, तुह्यं बोलनं ऐकून झोप आली त्यायले." मोठा हसला, आणि दोघं एकाच गाडीवर बसून गेले.

पण हसणं दुसऱ्यांचं होतं. मी पदराच्या आत होते. मला ती दिसायची. कापडाच्या विणीतून, बारीक बारीक चौकटींत. तिला मी दिसायची नाही. दूध पिताना ती डोळे वर करून शोधायची आणि वर कापड असायचं. झोपेत असताना पदर वर करायला हरकत नव्हती, म्हणून मी तिला झोपेतच नीट पाहिलं. पापणी हलली की पदर सोडायचा. आपल्या लेकराला जाग येण्याची मला भीती वाटायची.

हात चालायला लागले तशी ती पदर ओढायला लागली. पहिल्यांदा ओढला तेव्हा मी उजेडाकडे पाठ करून बसले होते. माझं कपाळ उघडं पडलं असेल-नसेल, एवढ्यात तानाबाईंनी पदर परत खाली केला. "हे ओढनं म्हनजे सांगनं नव्हे," त्या म्हणाल्या. "ठावावर बसून सांगतीन तवा." त्या दिवसापासून रोज सकाळी त्या माझ्या पदराला पिन लावायच्या, कानाच्या मागे, स्वतःच्या हातानं. रागानं नाही. लावताना माझे केसही सारखे करायच्या.

तानाबाई मुलीशी बोलत तेव्हा मी घरात असून नसल्यासारखी व्हायची. "आज वांगं केलं जी, तुमाले आवडते तसं, गूळ घालून." "त्या साली मी माहेरी रुसून गेलती, तुमी न्यायले नाई आले. काऊन नाई आले?" मुलगी पाय झाडायची. तानाबाई थांबून ऐकायच्या, जणू उत्तर येतंय. नत्थूजी जिवंत असताना त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा राग येई, आणि त्या उठून गेल्यावर तो कुठे ठेवावा ते कळत नसे. पदर उतरला की त्यांना दुपट्टा उतरवावा लागणार होता. हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि आम्ही त्यावर बोलत नव्हतो.

अंगणवाडीच्या भावनाताई शेजारच्या गावातून येत. वजन करायचं, डोस पाजायचे. दर वेळी विचारायच्या, "नाव काय लिहू?"

"बाळ लिहा."

"किती दिवस बाळच लिहू व?" मग त्या मुलीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन गाल फुगवायच्या, आणि मुलगी खदखदून हसायची. एकदा हसू थांबल्यावर त्या माझ्या पदराकडे बघून म्हणाल्या, "नलूताई, मी तुमच्या रीतीत नाई बोलत. पन लेकरू तोंड पाहून शिकत असते. तुमाले पाहून हासते का?"

"हासते," मी म्हटलं.

ते खरं होतं. पण ती कशाला हसते ते मला पावसाळ्यात कळलं. श्रावणातलं ऊन होतं. मी साड्या धुऊन दोरीवर टाकल्या आणि आत पाणी प्यायला आले. खिडकीतून पाहते तर मुलगी रांगत ओट्याच्या कडेपर्यंत गेलेली. दोरीवर माझी हिरवी साडी हलत होती, मी रोज नेसायची ती. मुलगी तिच्याकडे बघून हसत होती. दोन्ही हात वर करत होती, घे म्हणून. साडी वाऱ्यानं पलीकडे गेली की तिचं तोंड वाकडं व्हायचं. अलीकडे आली की हात परत वर.

मी बाहेर गेले नाही. जाववलं नाही. तानाबाई अंगणात गहू निवडत होत्या. त्यांनीही ते पाहिलं. त्या सूप हातात धरून बसून राहिल्या आणि मग उठून तिला उचललं.

पोळा चार-सहा दिवसांवर आला होता. मुकेश घरी होता, बैलांच्या झुली बाहेर काढून झटकत होता. मी गॅसजवळ, आणि दारात तानाबाई मुलीला मऊ भात भरवत होत्या. "घ्या जी, एवढा एक घास. मंग फिरायले जाऊ. नदीवर पानी पाह्यले जाऊ."

मुलीनं भाताचा हात त्यांच्या हनुवटीला लावला. तोंडाकडे नीट पाहिलं, आणि म्हणाली, "आई."

माझ्या हातातली पळी थांबली. क्षणभर मला वाटलं, मलाच म्हणाली. मी वळले. ती तानाबाईंकडे पाहत होती.

तानाबाईंनी लाजून डोक्यावर पदर घेतला. नवीन लग्न झालेली बाई घेते तसा. "काय म्हनता जी? मी तानी हाओ."

"आई," मुलगी म्हणाली. तिला तो शब्द आवडला होता. "आई. आई."

मुकेश अंगणात हसला. "घ्या. बाबानं मायले आई म्हटलं." मग त्याला आमची दोघींची तोंडं दिसली असतील, म्हणजे एकीचं तोंड आणि एकीचा पदर, आणि तो परत झुली झटकायला लागला.

तानाबाईंनी वाटी खाली ठेवली. मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि निंबाखाली जाऊन बसल्या, नत्थूजी आडवे झाले होते तिथे. जेवायला आल्या नाहीत. दुपार कलली तेव्हा मी चहा घेऊन गेले. त्यांनी दुपट्ट्याचं टोक नाकाशी धरलं होतं.

"त्यायनं मले जिंदगीत नावानं हाक नाई मारली," त्या म्हणाल्या. "'आयकलं का' म्हनत. बाहेरून आले का, 'आयकलं का'. मी एवढ्या दिवस वाट पाहून राह्यली, का हे लेकरू बोलन तं 'आयकलं का' म्हनन." त्यांनी चहा घेतला, पण प्यायल्या नाहीत. "वास बी जाऊन राह्यला याचा."

मी खाली बसले. त्यांनी माझ्या पदराकडे पाहिलं. खूप वेळ. मग मुकेशला हाक मारली.

"प्रेमदासले सांगून ये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बैठक. नलूचा मामला हाय."

"कोनासमोर, माय? निवाड्या तं..."

"निवाड्या आपल्या ठावावर बसन. बाकीच्यायनं बसाव आपापल्या."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी खाली गल्लीत पोरं लाकडी बैल सजवून फिरत होती. दारोदार त्यांच्या हातावर खाऊ पडत होता. सकाळी तानाबाईंनी नेहमीसारखा माझा पदर ओढून दिला, केस सारखे केले, कानामागे त्यांची बोटं बराच वेळ चालली. "चाल," त्या म्हणाल्या.

माळावर सगळे आपापल्या ठावावर बसले होते. मोहाखाली प्रेमदासनं जाळ वाढवला होता. मी मुलीला नत्थूजींच्या ठावावर बसवलं. ती आता बसायची. पाठीमागे मुकेश तिला धरून बसला. ज्याचा मामला असेल त्यानं निवाड्याच्या गोट्याला गुडघे लावून बसायचं असतं. मी बसले. तिचे पाय माझ्या गुडघ्यांना लागत होते. गोटा गरम होता.

"सांग व," प्रेमदास म्हणाले.

मी घरून शब्द जुळवून आणले होते. ते आठवेनात.

"मामाजी," मी म्हटलं, "मी नलू. तुमची सून. तुमी काठी वाजवून घरात येत होते. मले त्याचं लय वाटे. तुमी सीताफळं आनून ठेवत होते, ते मी सारे खाल्ले, तुमाले सांगनं झालं नाई. तुमी माहा पदर उतरवनार होते. तुमाले घाई नव्हती. मले बी नव्हती." माझा श्वास पदराला लागून परत माझ्याच तोंडावर येत होता. "पन हे लेकरू माह्या साडीले माय समजून राह्यलं, मामाजी. दोरीवरच्या साडीले हात करते. मी तिले झोपेतच पाह्यते. तुमी मले सासरे हा, तुमचा मान मी जन्मभर ठेवीन. पन मले माही पोरगी बी पाह्यजे. आता सांगा."

आवाज माझा होता, म्हणून ती ऐकत होती. आवाज थांबला तशी पुढे वाकली, जिथून तो येत होता तिथे हात घातला, आणि मूठ भरून पदर ओढला.

मी कानामागची ओढ सोसायला तयार होते, पिनेची. ती आलीच नाही. पदर सरकला, डोक्यावरून पूर्ण घसरला आणि तिच्या मुठीतून सुटून गोट्यासमोर जमिनीवर पडला.

इतका उजेड मला सहन झाला नाही. डोळ्यांतून पाणी आलं.

मग मागून एक जण म्हणाला, "हे तं लेकराची ओढाताण झाली. शब्द कुठी हाय?"

"शब्द तं पाह्यजे," प्रेमदासही हळू आवाजात म्हणाले. "शब्द बाकी हाय, तं शब्दच पाह्यजे."

सगळ्यांनी तानाबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या ठावावरून उठल्या.

"प्रेमदास भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचा वावराच्या धुऱ्याचा मामला झालता. तवा निवाड्या काय म्हनले होते?"

प्रेमदास आठवू लागले. "काई नाई म्हनले. दुपट्टा खाली ठेवला."

"अन तुमच्या पोरीच्या सोडचिठ्ठीच्या वक्ती?"

"दुपट्टाच ठेवला."

"माह्या घरधन्यानं जिंदगीत कधी तोंडानं निवाडा देला असन, तं कोनी बी उठून सांगा. मी हा पदर परत घालून देते तिले." त्या थांबल्या. खाली पडलेल्या पदराकडे पाहिलं. "कापड खाली ठेवलं का झालं. त्यायचं असंच होतं. नलूनं पोरगी बी मांगतली, ते बी देली."

कोणी उठलं नाही. प्रेमदासनं टोपी काढली.

तानाबाईंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. एकदा नाकाशी नेला. घडी केली आणि गोट्याच्या पायाशी, माझ्या पदराजवळ ठेवला. त्यांचा खांदा एकदम लहान दिसायला लागला.

आणि मग मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

मी हसले. रोज ती झोपेत असताना तिच्याकडे पाहून हसायची तशीच. तिचा खालचा ओठ थरथरला. ती मागे सरकली, मुकेशच्या पोटाला टेकली आणि रडायला लागली. अनोळखी बाईनं जवळ यावं तसं. हात लांब करून ती तानाबाईंकडे झेपावत होती. "आई. आई."

तानाबाईंचे हात उठले. मी ते पाहिलं. मग त्यांनी ते मागे घेतले, एकात एक घट्ट धरले आणि गोट्यापासून दोन पावलं लांब जाऊन बसल्या.

"माह्याकडे काय पाह्यतं व," त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या ठावावरच्या लेकराला त्यांनी पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. "मी आजी हाओ. माय ते हाय, तुह्यासमोर."

मुलगी रडत होती. मी नुसतं म्हटलं, "अगं."

ती थांबली नाही, पण रडणं हळू झालं.

"अगं," मी परत म्हटलं. "अगं, मी हाओ. आयकून तं पाय. मीच हाओ ना व." तिनं हुंदका गिळला. डोळे माझ्या ओठांवर आले. आवाज ओळखीचा होता आणि तो या नव्या तोंडातून येत होता. तिला ते जुळेना. मी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही. धुण्याचं, भाताचं, नदीला आलेल्या पाण्याचं. तिनं हात पुढे केला आणि दोन बोटं माझ्या तोंडात घातली, आवाज कुठे ठेवलाय ते पाहायला. मी बोटं चावली नाहीत, ओठांत धरली. मग तिनं माझं नाक धरलं. मग कपाळ. खालून गल्लीतून तान्ह्या पोळ्याच्या पोरांचा गलका येत होता, आणि ती माझं तोंड हातानं वाचत होती.

प्रेमदास म्हणाले, "नाव."

मी तिला उचलून घेतलं आणि कानात सांगितलं. मग मोठ्यानं म्हटलं, "नंदिनी." लोकांनी एकामागून एक ते म्हटलं. मुकेशनं शेवटी म्हटलं, दबक्या आवाजात, आणि गोट्याला हात लावून कपाळाला लावला. त्याचे बाबा आता गेले होते. आता त्याच्यासमोर त्याची मुलगी होती.

टेकडी उतरताना नंदिनी माझ्या खांद्यावर होती. दर थोड्या वेळानं मान मागे करून माझं तोंड पाहायची, तेच आहे ना म्हणून, आणि परत टेकायची. अर्ध्या वाटेत तिचा लंगोट सुटला. मी थांबले. एका हातानं धरू का दुसऱ्यानं, काही जमेना.

तानाबाई मागून येत होत्या. त्यांनी उजव्या हातातल्या बांगड्या पुढे केल्या. त्यांत एक पिन अडकवलेली होती. रोज माझ्या कानामागे लागायची ती. माझ्याकडे न पाहता त्यांनी ती बांगडीतून सोडवली.

"हलू देऊ नको तिले," त्या म्हणाल्या, आणि वाकून लंगोटाला लावून दिली.